रेफरीला बाहेर कोण काढणार?

७ ऑक्टोबर, रविवार

बॉल लागला आज! कानाच्या वर, डाव्या बाजूला, सणसणीत. इंजिनिअरिंग विरुद्ध शेतकी कॉलेज. इंजिनिअरिंगच्या सेंटर बॅकने मागचं-पुढचं न बघता बॉल उडवला आणि त्या बॉलच्या वाटेत विद्यापीठ फुटबॉल लीगची एकुलती एक बाई रेफरी – म्हणजे मी. खाली बसले होते म्हणे. मला फक्त गवत आठवतंय, अगदी नाकाजवळ, आणि कुणाच्या तरी बुटाची सुटलेली नाडी.

मग उठले. बॉल रेफरीला लागून खेळ बिघडला की ड्रॉप बॉल द्यायचा असतो, तो दिला. शिट्टी मारली. टाळ्या पडल्या, त्यातल्या निम्म्या टिंगलीच्या. ज्याने मारला तो पोरगा धावत आला. सगळे त्याला लांब्या म्हणतात, आणि आहेच तसा, दारातून वाकून आत येणाऱ्यांतला. 'मॅडम, सॉरी, जोरात लागलं का? दिसतंय ना नीट?' म्हटलं, 'तू तुझी जागा सोडून इथे आलायस, तेवढं नीट दिसतंय.' गेला.

हाफटाइमला लाइन्समन काका पाणी घेऊन आले. काका पोस्टातून निवृत्त झालेत, गुडघे कुरकुरतात, पण झेंडा हातात आला की अजून पोरांच्या बरोबरीने पळतात. म्हणाले, 'बाई, खेळाडूला असं लागलं असतं तर तुम्ही त्याला बाहेर बसवला असता.' खरं आहे. डोक्याला लागलं की मी कुणाचं ऐकत नाही. आज वार कोणता, स्कोअर किती, समोर कुठली टीम – हे विचारते, आणि उत्तरं बरोबर आली तरी बाहेर काढते. 'पण काका, रेफरीला बाहेर कोण काढणार?' मोठ्या सामन्यांना चौथा पंच राखीव असतो. आमच्याकडे दोन्ही बाजूंना लाइन्समन मिळाले तरी गंगेत घोडं न्हालं! काका हसले. मीही हसले. हसताना डोकं ठणकलं.

८ ऑक्टोबर

टेंगूळ आलंय. नवरा म्हणतो डॉक्टरकडे जाऊ. मी म्हणते टेंगळाला डॉक्टर लागत नाही.

११ ऑक्टोबर

लॅबमध्ये प्लास्टरच्या वासाने मळमळलं. इतकी वर्षं कवळ्या बनवतेय, नवरा म्हणतो हा वास तुझ्या अंगालाच येतो, आणि आज तोच सहन होईना! ट्यूबलाइटही डोळ्यांत घुसत होती. मालकांनी विचारलं, 'काय हो, काही गोड बातमी आहे की काय?' या वयात! म्हटलं, 'आहे ना. तुमची ट्यूबलाइट म्हातारी झालीय.'

संध्याकाळी असोसिएशनच्या सेक्रेटरींचा फोन. 'यंदाची फायनल तुम्हाला द्यावी असं चाललंय. तोवरचे सामने जपून करा. कुठे बोंब व्हायला नको.' फायनल! आजवर एकाही बाईला दिलेली नाही. पहिल्या वर्षी तर मला मैदानावर विचारलं होतं, 'फर्स्ट एडच्या बाई का तुम्ही?' मी काळी जर्सी घालून, शिट्टी गळ्यात अडकवून उभी, आणि तरी!

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, 'वा!' आणि लगेच, 'मग आता तरी डोकं दाखवून ये.' दाखवलं तर काय होईल ते मला माहीत आहे. डॉक्टर महिनाभर विश्रांती सांगणार आणि फायनल दुसऱ्याच्या घशात जाणार. आधीच टपून बसलेत सगळे – बाईमाणूस, एक बॉल काय लागला, बसली घरी. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची.

१४ ऑक्टोबर, रविवार

काकांवर ओरडले. सगळ्यांसमोर. वाणिज्य कॉलेजचा गोल झाला, मी मधल्या वर्तुळाकडे हात केला, आणि बघते तर काकांचा झेंडा वर. ऑफसाइड म्हणे. मी दिलेल्या गोलवर झेंडा! तरातरा तिथपर्यंत गेले आणि म्हटलं, 'माझा हात झाला की तुमचा झेंडा खाली. मैदानावर दोन रेफरी नकोत.' काकांनी झेंडा खाली घेतला. 'बरं बाई,' म्हणाले. पोरं फिदीफिदी हसली.

आता वाटतंय, बाजूला नेऊन बोलायला हवं होतं. वडिलांच्या वयाचे आहेत. पण लाइन्समनने सुचवायचं, रेफरीने ठरवायचं, आणि एकदा ठरलं की तोंडातून ब्र काढायचा नाही, हे मला काकांनीच शिकवलंय. तेव्हा त्यांना राग आला नसेल. बहुतेक.

लांब्या आज प्रेक्षकांत होता. त्याची टीम खेळत नव्हती तरी.

१८ ऑक्टोबर

वरच्या कवळीत दात बसवले ते उलटे. डावे उजवीकडे, उजवे डावीकडे. मालकांनी टेबलावर ठेवली. आधी हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. मेण वितळवून सगळं परत लावलं. एखादा दिवस असतो असा.

२१ ऑक्टोबर, रविवार

हा पोरगा करतोय काय? आज कायद्याचं कॉलेज विरुद्ध मेडिकल. इंजिनिअरिंगचा काडीचा संबंध नाही. तरी लांब्या पहिल्या रांगेत. खेळ डावीकडे चाललाय, सगळ्यांच्या माना डावीकडे, आणि याची मान माझ्याकडे. मी पळाले की याची नजर पळते. मी थांबले की थांबते. मी रोखून बघितलं तरी त्याने नजर काढली नाही. सामना संपल्यावर कुंपणाशी उभा. 'मॅडम, बऱ्या आहात ना?' म्हटलं, 'तुला काय करायचंय?' अंगावर काटा आला खरा.

बूट काढताना नाडीची गाठ सुटेना. उजव्या हाताची बोटं ऐकतच नव्हती. थंडी पडायला लागलीय.

२५ ऑक्टोबर

लांब्या लॅबसमोर! रस्त्याच्या पलीकडे, चहाच्या टपरीपाशी. हातात कप होता पण चहा पीत नव्हता. खिडकीतून पाहिलं मी. बराच वेळ उभा होता. माझं कामाचं ठिकाण याला कुणी सांगितलं?

मागच्या वर्षी एका रेफरीच्या स्कूटरची सीट कुणीतरी ब्लेडने फाडली होती. का, तर पेनल्टी दिली म्हणून. आणखी एकाच्या घरी फोन यायचे. उचलला की पलीकडे नुसता श्वास. सगळं आठवलं. मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि लांबच्या रस्त्याने घरी आले. नवरा म्हणाला, 'त्याला कधी कार्ड दिलंयस का?' म्हटलं, दिलं असेल, मी कुणाला सोडलंय!

खरं म्हणजे मला आठवलं नाही. एरवी मला कुठल्या पोराला कुठल्या सामन्यात कशाबद्दल कार्ड दिलं ते झोपेतही सांगता येतं.

२८ ऑक्टोबर, रविवार

सेमीफायनल. इंजिनिअरिंग विरुद्ध वाणिज्य. पहिल्या हाफचा किक-ऑफ ज्यांनी घेतला, दुसऱ्या हाफचा त्यांनी घ्यायचा नसतो. शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आज दोन्ही वेळा इंजिनिअरिंगने घेतला. मीच बॉल त्यांच्या हातात दिला म्हणे! गलका झाला. काका धापा टाकत आले, ओठ न हलवता म्हणाले, 'बाई, दुसऱ्यांचा आहे.' मी मोठ्याने म्हटलं, 'माहीत आहे! बघत होते, कुणाचं लक्ष आहे का ते.' पोरं हसली, वेळ निभावली. लांब्या हसला नाही.

इंजिनिअरिंग जिंकलं. म्हणजे फायनलला तो असणार.

३ नोव्हेंबर

फायनल माझी! सेक्रेटरींनी पक्कं केलं. मग घसा खाकरून म्हणाले, 'एक फोन आला होता बरं का तुमच्याबद्दल. या बाईंना फायनल देऊ नका, त्यांची तब्येत ठीक नाही, असं सांगत होता. नाव सांगेना. आवाज पोरसवदा होता. मी दिला हाकलून. कडक रेफरी नको असला की असले उद्योग सुचतात यांना.'

नाव कशाला सांगायला हवं? अंगाची नुसती लाही लाही झाली. इतकी वर्षं घासून घासून इथवर आले – उन्हातान्हात, चिखलात, 'ए बाई, घरी जाऊन स्वयंपाक कर' हे ऐकत – आणि हा कालचा पोरगा माझ्या अन्नात माती कालवतो! बघून घेईन.

६ नोव्हेंबर

हे कुणाला सांगितलेलं नाही. बसमधून उतरले आणि घर कुठल्या बाजूला तेच कळेना. रस्ता ओळखीचा. औषधांचं दुकान, चपला शिवणारा, कोपऱ्यावरचा वाकलेला दिव्याचा खांब, सगळं जागच्या जागी. पण डावीकडे की उजवीकडे? तिथेच उभी राहिले. लोक बाजूने जात होते. विचारणार तरी काय – अहो, माझं घर कुठे आहे? शेवटी औषधांच्या दुकानात शिरले आणि उगाच कापूस घेतला. दुकानदार म्हणाला, 'काय मॅडम, मॅच वाटतं आज?' त्या एका वाक्यासरशी सगळं परत आलं.

भीती वाटली. फार भीती वाटली. फायनल झाली की जाते डॉक्टरकडे. शपथ.

९ नोव्हेंबर

नवऱ्याने माझी शिट्टी लपवली! तो चालवतो त्या शाळेच्या बसमध्ये, त्याच्या सीटखाली, पान्यांच्या डब्यात. कपाट उपसून उपसून माझ्या नाकी नऊ आले, मग कबूल झाला.

'फायनल सोड,' म्हणाला. 'काल मला दोनदा विचारलंस, जेवलास का म्हणून.'

'बायकोने काळजी केलेली चालत नाही का?'

'अगं, मी तुझ्यासमोर बसून जेवत होतो!'

मग मी चिडले. 'तू मला बाहेर काढणार?' 'हो.' 'कुठल्या नियमाने?' शांत माणूस आहे माझा. बसभर पोरं किंचाळत असताना याचा आवाज चढत नाही. आज चढला. मग रडला. मला त्याच्याजवळ जावंसं वाटलं, पण गेले असते तर फायनल सोडली असती. मी दुकानात जाऊन नवी शिट्टी आणली.

११ नोव्हेंबर, रविवार

सामना नाही. झोपून होते. उठले तेव्हा वाटलं सकाळ आहे, तर दिवस मावळत होता.

१४ नोव्हेंबर

आला. थेट लॅबच्या दारात, वाकून. 'मॅडम, दोन मिनिटं.' माझ्या हातात गरम मेण होतं. म्हटलं, 'फायनलच्या आधी खेळाडूने रेफरीला भेटायचं नसतं, एवढंही माहीत नाही? मी एक फोन केला तर बाहेर बसशील.'

'बसवा. खुशाल बसवा. पण माझं ऐकून घ्या. आमच्या घरी –'

ऐकलं नाही. फायनलच्या तोंडावर खेळाडूशी बंद दाराआड बोलले असते तर उद्या हाच गावभर सांगत फिरला असता, की बाईंना भेटून आलो. दार लावलं. काचेतून त्याची सावली दिसत होती, मग गेली. मालक म्हणाले, 'कोण हो? घाबरलेला वाटला.' घाबरणारच! चोराच्या मनात चांदणं.

१६ नोव्हेंबर

मैदान बघून आले. माळी चुन्याच्या रेघा मारत होता. म्हटलं, 'अहो, दोन दोन रेघा काय मारताय? बॉल बाहेर गेला हे कुठल्या रेघेवरून ठरवायचं मी?' तो रेघेकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. 'एकच आहे की बाई.' डोळे चोळले. एकच होती.

नवरा म्हणाला, मी येणार नाही बघायला. बरं म्हटलं.

१८ नोव्हेंबर, रविवार

सकाळ. डोकं हलकं वाटतंय. काळी जर्सी इस्त्री करून खुर्चीवर टाकलीय. नवरा बोलत नाही. पण बूट त्यानेच पुसून ठेवलेत.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ

फायनल झाली. चांगली झाली. मी चांगली केली. हे आधी लिहून टाकते.

पहिल्या हाफला लांब्याच्या कपाळावर मेडिकलच्या फॉरवर्डचं कोपर बसलं. खाली बसून राहिला. स्कोअर विचारला, बरोबर सांगितला. वार विचारला, सांगितला. तरी बाहेर काढला, आणि आज पुन्हा आत यायचं नाही असं बजावलं. मुकाट्याने उठला. जाता जाता म्हणतो, 'मॅडम, आता मी विचारू तुम्हाला? वार कोणता आज?' उद्धट! कार्ड काढणार होते. जाऊ दे म्हटलं, आजच्या दिवशी मोठं मन.

दुसऱ्या हाफला ऊन फार होतं. आवाज लांबून येत होते, पाण्याखालून आल्यासारखे. मेडिकलला कॉर्नर दिला. मग खूप जण एका जागी उभे. मधे लांब्या जमिनीवर आडवा. त्याचे ते लांबच लांब पाय नुसते पडलेले. गाडी आली, त्याला घेऊन गेली. सामना तिथेच थांबवला. कुणी हात मिळवला नाही. काका माझ्याकडे बघत नव्हते. सेक्रेटरी मला खुर्चीवर बसवून स्वतः फोनवर बोलत राहिले. जर्सीला घाम म्हणून हात लावला तर उजवा हात जर्सीपर्यंत पोचला नाही.

पण तो आत आला कसा? मी बाहेर काढलेला खेळाडू माझ्या परवानगीशिवाय आत येऊ शकत नाही, आणि परवानगी मी दिलेली नाही. घुसला असणार. रिपोर्टमध्ये तसंच लिहिणार आहे.

२० नोव्हेंबर

काका आले होते. चहा पुढे ठेवला, तो त्यांनी घेतला नाही.

'बाई, तुम्ही हात केलात.'

कुणाला? कधी?

'त्याला. तो रेघेपाशी आला, माझ्या शेजारीच. तुमच्याकडे बघून हात वर केला. तुम्ही ये म्हणून हात केलात. सगळ्या मैदानाने पाहिलं. पोरांच्या फोनमध्येही आहे.'

शक्य नाही, म्हटलं. काका सांगत राहिले, आवाज अजिबात न चढवता. तो आत आला पण आपल्या जागेवर गेलाच नाही. तडक माझ्याकडे आला. काहीतरी बोलत माझं कोपर धरलं. मी झटकलं. लोकांना वाटलं, रेफरीच्या अंगावर गेला. त्याला शिव्या घातल्या. मी त्याला गोलच्या बाजूला बोट दाखवलं – जा तिकडे! तो तरी हलेना. तेवढ्यात कॉर्नर आला आणि उडी मारणारे दोघं त्याच्यावरच आदळले. 'त्याचं बॉलकडे लक्षच नव्हतं बाई.'

मी विचारलं, 'मग तुम्ही का नाही अडवलंत? मी त्याला बाहेर काढला होता, हे तुम्हाला तर माहीत होतं!'

'झेंडा वर केला होता मी. मग तुमचा हात दिसला. खाली घेतला.'

राग यायला हवा होता. कुणावर काढायचा तेच कळेना. काकांना मीच सांगितलं होतं, माझा हात झाला की झेंडा खाली. ते गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले, आणि मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

काही म्हणजे काही आठवत नाही. माझ्या हाताने केलं आणि मला माहीत नाही. एक पोरगा तिकडे बेशुद्ध पडलाय आणि मी इथे बसून त्याच्याविरुद्ध रिपोर्ट लिहीत होते. लाज वाटते. रिपोर्ट फाडला.

नवरा दारात उभा होता. म्हणाला, 'चल.' कुठे ते विचारलं नाही.

२२ नोव्हेंबर

हॉस्पिटल. अक्षर वेडंवाकडं येतंय. डोक्याचा फोटो काढला. कवटीच्या आत, डाव्या बाजूला, रक्त साचलंय. एकदम नाही, थोडं थोडं करून, त्या बॉलच्या दिवसापासून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'आणि तुम्ही चालत आलात?' म्हटलं, 'फायनल केली मी.' उद्या भोक पाडून काढणार आहेत.

लांब्या याच इमारतीत आहे, खालच्या मजल्यावर. अजून शुद्ध नाही. मी वाचले आणि तो गेला तर? हे वाक्य लिहून खोडलं होतं. परत लिहितेय. मी वाचले आणि तो गेला तर मी काय करू?

२८ नोव्हेंबर

डोक्यावर पट्टी. एका बाजूचे केस गेले. नवरा म्हणतो, 'आता कंगवाही अर्धाच पुरेल.' हसले. ठणकलं नाही! उजव्या हाताची मूठ वळते. दिवस कुठला ते विचारल्याशिवाय कळतं.

लांब्याची आई वर आली होती. मला वाटलं, आता बोलेल. बोलायलाच हवं होतं तिने. ती स्टूल ओढून बसली. 'काल शुद्धीवर आला. उजवा हात उचलत नाही अजून. शब्द सापडत नाहीत त्याला, शोधत बसतो.' मग माझ्या पट्टीकडे बघत म्हणाली, 'याचे वडील असेच गेले. शिडीवरून पडले, उठले, नंतर कितीतरी दिवस हिंडत-फिरत होते. आम्हाला काही कळलंच नाही. तुम्हाला बॉल लागला ना, तेव्हापासून याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. म्हणायचा, आई, मॅडमची चाल बाबांसारखी झालीय.'

टपरीपाशी उभा राहून तो माझी चाल बघत होता! सेक्रेटरींना फोन त्याचाच. लॅबच्या दारात हेच सांगायला आला होता, आणि मी मागच्या दाराने पळाले, पुढचं दार तोंडावर लावलं, त्याला चोर म्हटलं. त्याच्या आईचा हात धरून ढसाढसा रडले. तिने हात काढून घेतला नाही. मग म्हणाली, 'एक मला समजत नाही बाई. इतकं सगळं ज्याला कळत होतं, तो स्वतःच्या कपाळाला लागलेलं असताना परत खेळायला आत का गेला? एवढा का तो खेळाचा वेडा?' म्हटलं, मी हात केला म्हणून गेला.

२ डिसेंबर, रविवार

आज खाली गेले. नवऱ्याने चाकाची खुर्ची ढकलली. लांब्याचे पाय पलंगाबाहेर आलेले. म्हटलं, 'तुला खेळायला आत घ्यायला नको होतं रे मी.' त्याने मान हलवली. शब्द जुळवायला त्याला फार वेळ लागला. आम्ही थांबलो.

'खेळायला नाही, मॅडम. तुम्हाला बाहेर न्यायला आलो होतो.'